स्वमग्न मुलांचे म्हणणे ऐकताना

मराठीत 'ऑटिझम' या संज्ञेसाठी 'स्वमग्नता' हा शब्द आता चांगलाच रूढ झाला आहे. उर्दूत बहुधा मूळ शब्दच जसाच्या तसा चालतो. मराठी शब्द सुटसुटीत आहे आणि मूळ शब्दाशी प्रामाणिकही आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', या शब्दावरून ही संज्ञा घडवली. ती मुलांसाठी नव्हती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे बाहेरच्या जगापासून तुटून आत ओढले जाणे तिच्यातून सांगायचे होते. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या ठिकाणी दिसलेल्या वेगळेपणासाठी हाच शब्द उचलला. तेव्हापासून तो मुलांना चिकटला.

भाषेच्या अध्यापकाला येथे एक गोष्ट खटकली पाहिजे. 'आंधळा' किंवा 'बहिरा' हे शब्द काय नाही ते सांगतात. 'स्वमग्न' हा शब्द मुलाच्या मनात काय चालले आहे ते सांगतो. हे मूल स्वतःत बुडालेले आहे, त्याला तुमच्याशी कर्तव्य नाही, असा निवाडाच त्यात आहे. हा निवाडा बाहेरून पाहणाऱ्यांनी दिला. ज्यांच्याबद्दल तो दिला, त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारायला सुरुवात झाली तेव्हा त्या निवाड्यातील बराच भाग टिकला नाही. तो कसा टिकला नाही, आणि शिक्षकाने त्यातून नेमके काय घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

कॅनर यांनी काय ऐकले

कॅनर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून आधी हे सांगितले पाहिजे की त्यांच्याइतक्या बारकाईने या मुलांचे शब्द टिपून ठेवणारा माणूस त्यापूर्वी झाला नव्हता. त्यांच्या लेखातील पहिला मुलगा डोनाल्ड, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. त्याच्या वडिलांनी मुलाविषयी ३३ पानांचे पत्र कॅनर यांना पाठवले होते. डोनाल्डला 'हो' हा शब्द येत नसे. एकदा वडील म्हणाले, 'हो' म्हटलेस तर खांद्यावर घेईन. डोनाल्ड 'हो' म्हणायला शिकला, पण त्या शब्दाचा त्याच्यापुरता अर्थ झाला 'मला खांद्यावर घ्या'. त्या एका प्रसंगापासून हा शब्द सुटा व्हायला कित्येक महिने लागले, आणि सर्वसाधारण होकारासाठी तो वापरता यायला त्याहूनही अधिक काळ.

या एका नोंदीत शिक्षकासाठी पुष्कळ काही आहे. आपण मुलाला विचारतो, 'समजले का?' ते म्हणते, 'हो.' आपण पुढे जातो. त्या 'हो'चा अर्थ 'समजले' असा असेलच असे नाही. 'हो म्हटले की सर पुढच्या बाकाकडे जातात' एवढाच तो असू शकतो. (हे केवळ स्वमग्न मुलांपुरते खरे नाही, हे कोणताही अनुभवी अध्यापक मान्य करील.)

दुसरा मुलगा पॉल. पाच वर्षांचा हा मुलगा मधेच म्हणे, 'कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नकोस.' आसपास ना कुत्रा, ना गॅलरी. ऐकणाऱ्याला ही निव्वळ बडबड वाटावी. कॅनर यांनी आईला विचारले. तिला आठवले की काही वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये असताना, खेळण्यातल्या कुत्र्याबद्दल तीच ते वाक्य बोलली होती. मुलगा वस्तू फेकत असे म्हणून ती वैतागली होती. तेव्हापासून काही फेकावेसे वाटले की पॉल ते वाक्य म्हणून स्वतःलाच बजावत असे. १९४६ मध्ये कॅनर यांनी अशा उदाहरणांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि दाखवून दिले की हे बोलणे अर्थहीन नसून त्याचा अर्थ मुलाच्या खासगी आठवणीत असतो. किल्ली हवी असेल तर ज्याच्यासमोर तो प्रसंग घडला त्या माणसाकडे जावे लागते. हे माणूस बहुतेक वेळा आई, आजी किंवा मोठी बहीण असते.

तरीही पुढची तीन-चार दशके ऐकलेले वाक्य परत म्हणण्याची ही सवय दोष मानून मोडून काढण्याकडेच कल राहिला. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुचन यांनी चार मुलांच्या चित्रफिती तपासून दाखवले की लगेच केलेल्या पुनरुक्तीची सात वेगवेगळी कामे असतात. कधी 'माझी पाळी आली, मी बोललो' एवढेच सांगायचे असते, कधी होकार असतो, कधी मागणी असते, कधी स्वतःशी उजळणी चाललेली असते.

मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांत हे आणखी वेगळ्या रूपाने दिसते, आणि त्याकडे भाषेच्या अध्यापकांचे लक्ष जायला हवे. आई विचारते, 'तुला पाणी हवंय का?' आणि मूल तहान लागली की तेच वाक्य म्हणते. 'तुला' म्हणजे येथे 'मला'. मराठीत क्रियापदच बोलणाऱ्याचे लिंग सांगते, त्यामुळे आईचे 'मी आले' मुलगा जसेच्या तसे म्हणतो तेव्हा लोक हसतात आणि त्याला 'आलो' म्हणायला लावतात. शेजारच्या उर्दू घरात लहानांशीही अदबीने 'आप' म्हणून बोलण्याची रीत असेल, तर तेथील मूल 'आप पानी पियेंगे?' असे म्हणून पाणी मागेल. पाहुणे त्याच्या तहजीबचे कौतुक करतील आणि मूल तहानलेलेच राहील. व्याकरणाची चूक सुधारण्यापूर्वी मागणी पुरवणे बरे. योग्य वाक्य त्याच वेळी त्याच्या कानावर घालता येतेच.

कॅनर यांनी काय विचारले नाही

मुलांचे शब्द इतक्या काळजीने टिपणाऱ्या कॅनर यांचे एका ठिकाणी मात्र मोठे चुकले, आणि ती चूक बोधप्रद आहे. ही मुले आवाजांना व हलत्या वस्तूंना विलक्षण घाबरतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी यादीच दिली आहे: तीनचाकी सायकल, झोपाळा, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहते पाणी, गॅसची शेगडी, चावीची खेळणी, अंडी फेटण्याचे यंत्र, प्रसंगी वारासुद्धा. (आपल्याकडे या यादीत मिक्सर आणि प्रेशर कुकरची शिट्टी घालावी.) निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष असा काढला की भीती आवाजाची नसते, आवाजामुळे मुलाच्या एकांतात व्यत्यय येतो म्हणून ते बिथरते. पुरावा म्हणून त्यांनी सांगितले की तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करते.

म्हणजे 'स्वमग्न' हे नाव आधी ठरले आणि मग दिसलेली गोष्ट त्या नावात बसवली गेली. स्वतः केलेला आवाज केव्हा येणार हे आपल्याला ठाऊक असते, दुसऱ्याने केलेला अचानक येऊन आदळतो, हे साधे स्पष्टीकरण सुचले नाही. 'तो आवाज तुला कसा लागतो?' हे विचारता येण्याजोगे मूल समोर नव्हते, असे म्हणता येईल. पण काही वर्षांनी ती मुले मोठी झाली होती, आणि तेव्हाही फारसे कोणी विचारले नाही.

उलट मधल्या काळात दोष आयांच्या माथी गेला. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात, आईच्या थंडपणामुळे मूल आपल्या आत किल्ला बांधून बसते अशी मांडणी केली. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि अशाच एका मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्येच याच्या विरुद्ध, म्हणजे कारण जैविक आहे, असे पुस्तक लिहिले होते. तरी आयांची बदनामी लवकर थांबली नाही. आपल्या वस्त्यांमध्ये ती अजूनही पुरती थांबलेली नाही, फक्त शब्द बदलले आहेत: आई नोकरी करते, आई मोबाइल देते, आईने लाडावले.

मोठी होऊन बोललेली मुले

१९८६ मध्ये टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. १९४७ मध्ये बोस्टन येथे जन्मलेल्या या बाई पुढे कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलत नव्हत्या. मोठ्यांचे बोलणे समजत असे, पण उत्तराचे शब्द बाहेर पडत नसत, आणि मग ओरडणे एवढाच मार्ग उरत असे, हे त्यांनी लिहून ठेवले. शाळेची घंटा दातांच्या डॉक्टरचे यंत्र नसेला लागावे तशी दुखत असे. नवे, खरखरीत कपडे अंगाला सोसत नसत. कोणी जवळ घ्यावे अशी ओढ होती, परंतु कोणी मिठी मारली की संवेदनांचा लोंढा असह्य होऊन त्या ताठ होत आणि सुटून जात. पाहणाऱ्यांनी अर्थ लावला: या मुलीला माया नको आहे.

किशोरवयात ॲरिझोनातील मावशीच्या रँचवर त्यांनी पाहिले की लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत घातले की काही गुरे शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसेच एक यंत्र बनवले. दाब किती आणि किती वेळ हे त्यांच्या हातात होते. त्यामुळे तो सोसत असे आणि जीव शांत होत असे. शाळेतील मानसशास्त्रज्ञांना हा विकृत छंद वाटला आणि यंत्र काढून घ्यावे असे त्यांचे मत पडले. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कारलॉक यांची भूमिका वेगळी होती: यंत्राने बरे वाटते ना, मग का वाटते ते शोधून काढ. त्यासाठी ग्रंथालयात बसणे, शोधनिबंध वाचणे, प्रयोग मांडणे हे सारे ओघाने आले. १९९२ मध्ये ग्रँडिन यांचा खोल दाबाच्या परिणामांवरील शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकात आला. कारलॉक यांना ऑटिझमचे प्रशिक्षण होते असे नाही. विद्यार्थिनी स्वतःच्या शरीराबद्दल जे सांगते आहे ते खरे असू शकते, एवढे त्यांनी धरून चालले.

१९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉना विल्यम्स यांचे आत्मकथन आले. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न वक्त्याने पालकांना उद्देशून भाषण केले. त्याचा आशय असा की तुम्ही शोक करता तो तुमच्या मनातल्या, कधीच न जन्मलेल्या मुलासाठी. समोर उभे असलेले मूल जिवंत आहे, आणि तुमचा शोक त्याला ऐकू येतो. पालकांना हे कठोर वाटले असणार. पण आपल्याविषयी मोठी माणसे काय बोलतात हे ते मूल लहानपणापासून ऐकत असते, ही बाब कोणत्याही तज्ज्ञाच्या नोंदवहीत आली नव्हती.

आवाज, स्पर्श, उजेड यांचा हा त्रास अशा आत्मकथनांतून वारंवार येत राहिला. तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत ऑटिझमच्या निकषांत त्याला जागा नव्हती. ती मिळाली २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. ग्रँडिन यांच्या पुस्तकापासून मोजले तर २७ वर्षे, आणि कॅनर यांच्या यादीपासून मोजले तर ७०. या काळात कितीतरी मुलांना घंटेच्या वेळी कान झाकले म्हणून शिक्षा झाली असेल.

येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. ही आत्मकथने मोठ्या वयात, आठवणीतून लिहिलेली आहेत. लिहिणाऱ्यांना भाषा होती, शिक्षण होते आणि प्रकाशक मिळाले. सगळ्या मुलांच्या वतीने ती बोलत नाहीत. ग्रँडिन यांनीच १९९५ च्या पुस्तकात लिहिले होते की स्वमग्न माणसे चित्रांत विचार करतात. २००६ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी मान्य केले की तसे सर्वांचे नसते, कोणी आकृतिबंधांत विचार करतो, कोणी शब्दांत. एका साक्षीदाराला दुसऱ्याने दुरुस्त केले, हे साक्ष घ्यायला सुरुवात झाली म्हणूनच घडले.

न समजणे दोन्हीकडचे

२०१२ मध्ये ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी एक प्रश्न उपस्थित केला. ते स्वतः स्वमग्न आहेत. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे सगळे म्हणतात, पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? कॅनर यांचे आवाजाबद्दलचे स्पष्टीकरण आठवले तर हा प्रश्न किती रास्त आहे ते ध्यानात येते. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोगाने तपासला. आपल्याकडे मुले 'कानगोष्टी' खेळतात, जवळपास तसाच हा प्रयोग होता. आठ-आठ प्रौढांच्या साखळ्या करून एक गोष्ट पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत एकही नाही, आणि काहींत दोन्ही प्रकारचे आलटून-पालटून. केवळ स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी इतरांच्या साखळीत. तपशील अधिक गळाले ते मिश्र साखळ्यांत. म्हणजे अडचण स्वमग्न माणसाच्या ठायी बसलेली नसून दोन रीतींच्या सांध्यावर आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातही बहुधा तोच सांधा असतो.

ऐकल्याचा भास

ऐकण्याची तळमळ असली म्हणजे ऐकले जातेच असे नाही, याचे एक दुःखद उदाहरण आहे. १९९० च्या आसपास 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची पद्धत ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत आली आणि झपाट्याने पसरली. न बोलणाऱ्या मुलाचा हात मदतनीस धरी आणि त्या आधाराने मूल कळफलकावर अक्षरे दाबी. आजवर मुके समजलेले मूल लांबलचक वाक्ये लिहू लागले. घरोघर आनंदाश्रू आले. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका चाचणीत १२ व्यक्तींना व त्यांच्या मदतनिसांना चित्रे दाखवली. कधी दोघांना एकच, कधी वेगवेगळी, एकाचे दुसऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने. चित्रे वेगळी असताना मुलाला दिसलेल्या चित्राचे नाव एकदाही उमटले नाही. उमटले ते मदतनिसाला दिसलेल्याचे. मदतनीस लबाड नव्हते. आपलाच हात वाक्य घडवतो आहे हे त्यांना कळत नव्हते. दरम्यान अशा लेखनातून काही आईवडिलांवर अत्याचाराचे खोटे आरोप झाले होते, घरे विस्कटली होती.

भारतीय वाचकांना म्हैसूर-बंगळूरला वाढलेल्या टिटो राजर्षी मुखोपाध्याय याचे नाव माहीत असेल. त्याने बालवयात लिहिलेले पुस्तक २००० मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने प्रसिद्ध केले आणि त्याची खूप प्रशंसा झाली. त्याच्या आईने जी पद्धत पुढे इतर मुलांसाठी अमेरिकेत चालवली, तीत मुलासमोर अक्षरफलक धरून त्याला सतत सूचना दिल्या जातात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने ती वापरू नये असे सांगितले, कारण लिहिणारे मूल की फलक धरणारा, हे तपासून सिद्ध झालेले नाही. टिटोच्या प्रतिभेविषयी यातून काही निष्कर्ष काढायचा नाही. पण पालक मोठ्या आशेने असल्या वर्गांची चौकशी करतात, तेव्हा सुशिक्षित शेजारी म्हणून अध्यापकाने एक साधा प्रश्न सुचवावा: मदतनिसाला ठाऊक नसलेली गोष्ट मूल या पद्धतीने सांगू शकते का? स्वतःच्या बोटाने, कोणी हात न धरता, चित्रे किंवा अक्षरे दाखवण्याच्या पद्धती याहून वेगळ्या आहेत आणि त्यांना ही शंका लागू होत नाही.

विचारावे कसे

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात १९९० च्या दशकात 'टॉकिंग मॅट्स' ही रीत तयार झाली. एक साधी चटई, तिच्या वरच्या कडेला तीन चिन्हे: आवडते, मधले, आवडत नाही. मुलाच्या हातात चित्रांची कार्डे द्यायची (मधली सुट्टी, प्रार्थना, बस, गणित, शेजारी बसणारा मुलगा) आणि त्याने ती हवी तेथे ठेवायची. बोलावे लागत नाही, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि ठेवलेले कार्ड हलवून मत बदलता येते. पुठ्ठा आणि वर्तमानपत्रातील चित्रे एवढ्यावर हे कोणत्याही शाळेत करता येईल. २००१ मध्ये ॲलिसन क्लार्क व पीटर मॉस यांनी लंडनमधील पाच वर्षांखालील मुलांसाठी आणखी एक मार्ग मांडला: मुलाच्या हाती कॅमेरा द्यायचा, त्यालाच शाळा दाखवायला सांगायचे, आणि आपण मागून चालायचे. तो स्वमग्न मुलांसाठी म्हणून घडवलेला नव्हता, पण त्यांना तो विशेष मानवतो असे दिसते. 'तुला शाळेत काय त्रास होतो?' या प्रश्नाला उत्तर न देणारे मूल त्या फेरीत एका विशिष्ट दारापाशी थबकेल, आणि तेथून स्वच्छतागृहातील हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज येत असेल.

कधी कधी तर काही विचारावेही लागत नाही. डोनाल्डला बालपणी काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले आणि त्या दोघांचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला मोजण्याचे वेड, म्हणून त्याला विहीर खणायला आणि खोली मोजून सांगायला लावले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करतो, म्हणून दफनभूमीसाठी जागा नेमून दिली. मक्याच्या ओळी मोजतो, तर मोजता मोजता नांगर धरायला दिला. डोनाल्ड ट्रिपलेट पुढे पदवीधर झाले, गावच्या बँकेत नोकरी केली, एकट्याने जगभर प्रवास केला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारले.

घरची बोली

सीमाभागात किंवा हैदराबादेसारख्या शहरात घरी दखनी, गल्लीत कन्नड किंवा तेलुगू, शाळेत मराठी किंवा इंग्रजी अशी स्थिती नेहमीची आहे. मूल उशिरा बोलू लागले की बहुतेक पालकांना सल्ला मिळतो: घरात एकच भाषा ठेवा, आणि ती बहुधा इंग्रजी. हा सल्ला सद्हेतूने दिला जातो, पण त्याला पुराव्याचा आधार नाही. कॅनडात हॅम्ब्ली व फोम्बोन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेतल्या मुलांपेक्षा भाषिक टप्प्यांत मागे पडलेली आढळली नाहीत. नंतरच्या अभ्यासांचा सूरही तोच आहे.

आणि नुकसान कोणाचे होते ते पाहावे. पॉलच्या वाक्याची किल्ली आईकडे होती. ज्या घरात नानी दखनीखेरीज काही बोलत नाही आणि आईचे इंग्रजी तुटपुंजे आहे, तेथे मुलाला केवळ इंग्रजीत वाढवले तर त्याच्या खासगी शब्दांची किल्ली ज्यांच्याकडे असते त्याच माणसांपासून ते तुटते.

महाविद्यालयाच्या वर्गात

महाविद्यालयात असा विद्यार्थी बहुधा निदानाविनाच येतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण त्या मैत्रिणींचे हावभाव, हसण्याच्या वेळा, बोलण्याची ढब पाठ करून स्वतःला झाकून घेतात. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रौढांच्या जबान्यांवरून या झाकण्याचा अभ्यास केला. अनेकांनी सांगितले की त्याने पराकोटीचा थकवा येतो, आणि आपण मुळात कसे आहोत हेच कळेनासे होते. शांत, आज्ञाधारक, कधी प्रश्न न विचारणारी विद्यार्थिनी पाहून अध्यापक समाधानी असतो. ती घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत का पडून राहते, ते त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

कायद्याची स्थिती अलीकडे पालटली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. त्यासाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. याच कायद्याचे कलम ४ मात्र कमी वाचले जाते. दिव्यांग बालकांना स्वतःशी संबंधित सर्व बाबींत आपले मत मोकळेपणाने मांडण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, आणि वय व दिव्यांगत्व लक्षात घेऊन त्यासाठी साहाय्य पुरवायचे आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षणशास्त्राच्या वर्गात २०१६ चा कायदा शिकवताना प्रकारांची यादी पाठ करून घेतली जाते. हे कलमही त्यांच्यासमोर वाचावे.

प्रमाणपत्राची वाट न पाहता करण्याजोगे पुष्कळ आहे. प्रश्नपत्रिकेतील 'थोडक्यात लिहा' म्हणजे किती ओळी, हे लिहावे. वेळापत्रकातील बदल तोंडी न सांगता फळ्यावर आदल्या दिवशी लावावा. तोंडी परीक्षेचे दोन-तीन प्रश्न आधी कागदावर द्यावेत. पंख्याचा किंवा ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो असे विद्यार्थी म्हणाला तर 'आम्हाला तर येत नाही' असे उत्तर देऊ नये. बोलताना नजरेला नजर देण्याचा आग्रह सोडावा. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही तर आपल्याकडे अदबच मानली जाते, मग याच मुलाकडून वेगळी अपेक्षा कशाला?

सविस्तर विचारायचे झाल्यास ते वर्गात किंवा शिक्षक-कक्षात सर्वांदेखत विचारू नये. प्रश्न लिहून द्यावा, उत्तर लिहून किंवा फोनवरच्या संदेशाने देण्याची मुभा असावी, आणि उत्तराला एक-दोन दिवस लागू द्यावेत. 'सांगायचे नाही' हाही एक पर्याय त्या कागदावर छापलेला असावा, आणि विद्यार्थ्याने तो निवडल्यास त्याविषयी पुन्हा विचारू नये. जे सांगितले जाईल ते विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय विभागप्रमुखांनाही कळवू नये. पालकांनी येऊन मुलाच्या वतीने सगळे सांगितले तरी तो कागद विद्यार्थ्याच्या हाती द्यावाच.